टापांखालची जमीन

ऑक्टोबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता इथे ब्रीडर्स कप क्लासिक ही शर्यत झाली. कर्लिन हा तेव्हा जगातला सर्वोत्तम घोडा मानला जात होता. आदल्या वर्षी त्याने हीच शर्यत मॉनमथ पार्कच्या चिखलात जिंकली होती आणि २००८ च्या मार्चमध्ये दुबई वर्ल्ड कपही खिशात घातला होता. तो फेव्हरिट होता आणि चौथा आला. पहिला आला रेव्हन्स पास, दुसरा हेन्रीदनॅव्हिगेटर. दोघेही युरोपातले, गवतावर वाढलेले आणि एक मैलाच्या शर्यतींत नाव कमावलेले. कर्लिन आजारी नव्हता, जॉकीनेही काही घोळ घातला नव्हता. बदललं होतं ते मैदान. सांता अनिताला मातीच्या जागी आता ‘प्रो-राइड’ नावाचं कृत्रिम मिश्रण होतं. कर्लिनची सगळी कीर्ती मातीवरची होती.

असे निकाल उलगडणं हे हँडिकॅपिंगचं काम. आपल्याकडे हा शब्द ऐकला की आधी क्लबचा हँडिकॅपर आठवतो. प्रत्येक घोड्याला रेटिंग द्यायचं आणि त्यानुसार पाठीवर वजन चढवून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, हे त्याचं काम. भारतात रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. अमेरिकेत हाच शब्द रेसबुक हातात घेऊन कोण जिंकणार याचा हिशेब मांडणाऱ्या माणसासाठी वापरतात. कामं दोन असली तरी अडचण सारखीच. दोघांपुढे असतात ते निकाल: इतक्या सेकंदांत धावला, इतक्या लांबींनी हरला, इतकं वजन होतं. यातला एकही आकडा निव्वळ घोड्याचा नसतो. त्यात घोड्याचा वाटा किती आणि जमिनीचा किती हे वेगळं काढणं, हाच या विद्येचा गाभा. गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर बरंच काम झालं. माझ्या मते त्यातलं निम्मं मोलाचं आहे आणि उरलेलं निकाल लागल्यावर सुचलेलं शहाणपण.

सुरुवात वेळेपासून करू. एक घोडा १२०० मीटर ७१ सेकंदांत धावला आणि दुसरा आठवड्याने तेवढंच अंतर ७० सेकंदांत, तर दुसरा सरस ठरतो का? मधल्या काळात जमीन सुकली असेल, वारा पाठीमागून असेल किंवा मैदानावर रोलर फिरला असेल. अमेरिकी पत्रकार अँड्र्यू बेयर यांनी १९७५ च्या ‘पिकिंग विनर्स’ या पुस्तकात या गुंत्यावर एक साधी रीत लोकांपुढे मांडली. एका दिवसाच्या सगळ्या शर्यती घ्यायच्या. त्या दर्जाचे घोडे एरवी किती वेळ घेतात त्याच्याशी त्या दिवसाच्या वेळा ताडून पाहायच्या. सगळ्याच शर्यती एक-एक सेकंदाने मंद निघाल्या, तर एकाच दिवशी सगळे घोडे बिघडले असं कोणी म्हणणार नाही. ती मंदी मैदानाची. तेवढी वजा केली की उरतो तो घोडा. या दैनंदिन फरकाला तिकडे ‘ट्रॅक व्हेरियंट’ म्हणतात. बेयर यांचे आकडे १९९२ पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्ये छापून येऊ लागले आणि मूठभर लोकांच्या वहीतलं गुपित सगळ्यांचं झालं.

रीत नामी आहे, पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: मैदान सगळ्या घोड्यांना सारखंच मंद किंवा वेगवान करतं. तसं होत नाही. वानखेडेवर दोनशे धावांचा पाठलाग सहज करणारा फलंदाज वळणाऱ्या खेळपट्टीवर चाचपडतो, तेव्हा खेळपट्टी ‘अमुक धावांनी अवघड’ होती एवढं सांगून त्याचं कोडं सुटत नाही. मैदान घोड्यांचा वेग बदलतं, तसा त्यांचा आपापसातला क्रमही बदलतं. व्हेरियंट वेगापुरता पुरतो, क्रमापुरता पुरत नाही.

माती आणि गवत यांतला फरक इथेच येतो. अमेरिकेतला मातीचा ट्रॅक म्हणजे घट्ट थरावर पसरलेला वाळू-मातीचा काही इंचांचा मोकळा थर. खूर टेकताना थोडं पुढे सरकतं, मग रुततं, मग मागे ढकलतं. मागच्या घोड्याच्या तोंडावर मातीचा मारा होतो आणि तो बऱ्याच घोड्यांना सहन होत नाही. म्हणून तिथे सुरुवातीलाच वेग लावून पुढे राहणाऱ्याला मोठा फायदा मिळतो. पहिला अर्धा मैल झपाट्याने जातो आणि शेवटी सगळेच थकतात. जो कमी थकतो तो जिंकतो. गवतावर उलट. मुळांनी धरलेली जमीन खुराला आधार देते, तोंडावर फारसं काही येत नाही, त्यामुळे जॉकी घोडा राखून धरतात आणि शेवटच्या चारशे-सहाशे मीटरांत खरी शर्यत होते. एकीकडे तग लागतो, दुसरीकडे झटक्यात वेग घेण्याची ताकद. मातीवरचं रेटिंग जसंच्या तसं गवतावर लावणारा हँडिकॅपर दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण एकाच रकान्यात मांडत असतो.

रक्तरेषेवरून हा फरक आधी ओळखता येईल, अशी अनेकांची समजूत असते. थोडंफार ओळखताही येतं. पण संडे सायलेन्सचं उदाहरण जवळ ठेवावं. १९८९ मध्ये केंटकी डर्बी आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकणारा हा मातीवरचा घोडा अमेरिकी पैदासकारांनी फारसा मनावर घेतला नाही आणि तो जपानला गेला. तिथे गवतावर धावणाऱ्या त्याच्या पिलांनी जपानी रेसिंगचा चेहराच बदलला. डीप इम्पॅक्ट त्यातलाच.

कृत्रिम पृष्ठभागांची गोष्ट अधिक बोधक आहे, कारण तो जवळजवळ एक प्रयोगच होता. ब्रिटनमध्ये लिंगफील्डला १९८९ मध्ये पहिल्यांदा बारमाही ट्रॅकवर शर्यती झाल्या. पुढे वाळू, कृत्रिम धागे, रबराचे तुकडे आणि वर मेणाचा लेप असं ‘पॉलीट्रॅक’ आलं, मायकल डिकिन्सन यांचं ‘टॅपेटा’ आलं. २००६ मध्ये केंटकीतल्या कीनलँडने माती काढून पॉलीट्रॅक टाकलं आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने तिथल्या मोठ्या मैदानांना कृत्रिम पृष्ठभाग सक्तीचा केला. कारण होतं घोड्यांची सुरक्षितता. मात्र हँडिकॅपिंग करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन अक्षरशः सरकली.

कीनलँडची जुनी माती आतल्या कठड्यालगत धावणाऱ्या घोड्यांना इतकी धार्जिणी होती की त्या पट्ट्याला ‘सोनेरी रेल’ म्हणत. पॉलीट्रॅकवर हे पारडं उलटं झालं. २००७ च्या ब्लू ग्रास स्टेक्समध्ये पहिल्या अर्ध्या मैलाला ५१ सेकंदांहून अधिक वेळ लागला. मातीवर या दर्जाच्या शर्यतीत असला संथ वेग कोणी ऐकला नव्हता. सगळे एकमेकांवर नजर ठेवून गवतावरच्यासारखे धावले आणि शेवटी एकत्र सुटले. डॉमिनिकन जिंकला, स्ट्रीट सेन्स नाकभर मागे राहिला. तीन आठवड्यांनी चर्चिल डाउन्सच्या मातीवर स्ट्रीट सेन्सने केंटकी डर्बी जिंकली आणि डॉमिनिकन गर्दीत हरवला. ब्लू ग्रासचा निकाल त्या मैदानापुरता खरा होता, एवढंच.

२००८ च्या क्लासिकमध्ये पहिले दोन घोडे गवतावरचे होते. २००९ मध्ये सांता अनितालाच झेन्याटा जिंकली आणि तिच्यामागे जिओ पाँटी आला, तोही मुळात गवतावरचा. यावरून ‘कृत्रिम म्हणजे गवतच’ असा नियम तयार झाला. तो अर्धा खरा. अ‍ॅनिमल किंगडम २०११ मध्ये मातीवर एकही शर्यत न धावता केंटकी डर्बीला आला, थेट पॉलीट्रॅकवरून, आणि जिंकला. पुढे २०१३ मध्ये दुबईच्या मेदानला टॅपेटावर त्याने वर्ल्ड कपही जिंकला. झेन्याटाच्या बाबतीत उलट्या दिशेने घाई झाली. २०१० मध्ये चर्चिल डाउन्सला ब्लेमकडून ती डोक्याच्या अंतराने हरली, तेव्हा तिला मातीवर जमत नाही असं बोललं गेलं. तिच्या वीस शर्यतींतली ती एकमेव हार. पण ती ओकलॉनच्या मातीवर आधी दोनदा जिंकली होती. तिला नडली ती बहुधा सर्वांत मागून येण्याची सवय. मातीवर तशी सवय महाग पडते. पृष्ठभाग आणि धावण्याची शैली यांचा एकत्र विचार करायला हवा तो म्हणूनच.

कृत्रिम ट्रॅक ‘सदा एकसारखे’ राहतील हे वचनही पुरतं पाळलं गेलं नाही. मेण उन्हाने मऊ होतं, त्यामुळे सकाळचा ट्रॅक आणि दुपारचा ट्रॅक वेगळा लागतो. सकाळच्या सरावाच्या वेळा पाहून दुपारचा अंदाज बांधणारे कॅलिफोर्नियातल्या डेल मारला चकले. सांता अनिताला तर पाण्याचा निचराच होईना. २०१० च्या अखेरीस तिथे माती परत आली, २०१४ मध्ये कीनलँड आणि मेदानला, २०१५ मध्ये डेल मारला. अमेरिकेत जमा होणाऱ्या अपघातांच्या नोंदींत मात्र कृत्रिम पृष्ठभागावर घोडे दगावण्याचं प्रमाण मातीपेक्षा सातत्याने कमी दिसतं. त्या माघारीत घोड्यांचा विचार किती आणि पैदासीच्या बाजाराचा किती, ही शंका मला आहे.

आता ओलाव्याकडे. गवताच्या मैदानावर खरा खेळ ओलाव्याचाच असतो. ऑस्ट्रेलियात जमीन १ ते १० अशा आकड्यांत सांगतात. १ म्हणजे टणक, १० म्हणजे पार दलदल. ब्रिटनमध्ये ‘गोइंगस्टिक’ नावाची काठी जमिनीत खुपसतात आणि तिरकी ओढतात. आत शिरायला किती जोर लागला आणि जमिनीने ओढीला किती विरोध केला, या दोन्हींचा मिळून एक आकडा निघतो. मुंबई-पुण्यात पेनिट्रोमीटर चालतो. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडलं की त्याची दांडी जमिनीत किती रुतते ते मोजायचं. आकडा मोठा, तितकी जमीन मऊ. रेसच्या दिवशी हा आकडा जाहीर होतो आणि बहुतेक जण तो वाचून पुढे जातात. गोइंगस्टिकचं दुहेरी माप मला जास्त पटतं. एकाच खोलीपर्यंत रुतणाऱ्या दोन जमिनी असू शकतात: एक पाणीदार, सैल, जिच्यातून खूर सुटकन निघतं, दुसरी चिकट, जी खूर धरून ठेवते. घोड्याला दमवते ती दुसरी. पावसाची सर थांबून ऊन पडलं की पहिली जमीन दुसरीकडे सरकू लागते आणि तेवढ्यात पेनिट्रोमीटरचा आकडा सुधारतही असतो.

ओल्या जमिनीत अंतरं ताणली जातात. कोरड्या जमिनीवर अर्ध्या लांबीने हरला असता तो घोडा चिखलात तीन लांबींनी हरतो. ब्रिटनमध्ये पहिला आणि दुसरा यांच्यातला वेळेचा फरक लांबीत बदलताना हे ध्यानात घेतात. सपाट शर्यतीत चांगल्या जमिनीवर एका सेकंदाच्या ६ लांबी धरतात, मऊ जमिनीवर ५. म्हणजे निकालपत्रकातली ‘लांबी’ हे घोड्याच्या शरीराचं माप राहिलेलं नसून वेळेचं माप झालेलं आहे आणि तेही जमिनीनुसार बदलणारं. आपल्याकडे ‘चार लांबींनी जिंकला’ हे वाक्य ऐकून रेटिंग किती चढेल याच्या पैजा लागतात, तेव्हा ही चार लांबी जुलैतल्या पुण्याची की फेब्रुवारीतल्या मुंबईच्या महालक्ष्मीची, हे आधी विचारायला हवं.

पृष्ठभागाइतकाच मैदानाचा आकार बोलतो. इथे थोडी शाळेतली भूमिती पुरते. वळण अर्धवर्तुळाचं असेल, तर कठड्यापासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्याला सुमारे ३.१४ मीटर जास्त धावावं लागतं. वळण तंग असो की रुंद, हा आकडा तोच. दोन मीटर बाहेरून गेला तर सहा मीटरांहून अधिक. घोड्याची लांबी साधारण २.४ मीटर धरली, तर हे अडीच लांबींचं नुकसान झालं. मैलाच्या शर्यतीत एका लांबीला सुमारे दोन पौंड असा जुना ब्रिटिश ठोकताळा आहे. त्या हिशेबाने पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो, म्हणजे आपल्या रेटिंगचे चार ते पाच गुण. केवळ बाहेरून गेल्यामुळे! अमेरिकेत लेन रॅगोझिन यांची ‘शीट्स’ याच कारणाने प्रसिद्ध झाली. वेळेबरोबर वजन, वारा आणि वळणावर गमावलेली जमीन हे सगळं ते एका आकड्यात बसवत. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक घोडा कितव्या रांगेतून वळला हे पाहायला त्यांची माणसं मैदानावर बसलेली असत.

भूमिती इतकी स्वच्छ असली तरी निष्कर्ष तितका स्वच्छ नसतो. आतली पट्टी खुरांनी उखडलेली किंवा ओली असेल, तर बाहेरचे सहा मीटर परवडतात. तंग वळणावर बाहेर ढकललं जाण्याच्या जोराशी झगडण्यात घोड्याची जी शक्ती जाते, ती अंतरात मोजता येत नाही. तिथे लहान पावलांचा, चपळ घोडा लांब ढांगांच्या दांडग्या घोड्याला मागे टाकतो.

वळणानंतरचा शेवटचा सरळ पट्टा किती लांब, यावर मागून येणाऱ्यांचं नशीब ठरतं. जपानमध्ये टोकियोच्या गवती मैदानाचा हा पट्टा ५२५ मीटरांचा आहे, नाकायामाचा जेमतेम ३१० मीटरांचा आणि त्यातही शेवटाला चढ. पहिलं मैदान डाव्या वळणांचं, दुसरं उजव्या. एकाच देशातली, एकाच संस्थेच्या कारभाराखालची ही दोन मैदानं, पण टोकियोला शेवटच्या क्षणी सगळ्यांना गाठणाऱ्या घोड्याला नाकायामात जागाच पुरत नाही. युरोपात उतार-चढाव आणखी भर घालतात. इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी आधी डोंगर चढते, मग टॅटनहॅम कॉर्नरकडे वेगात उतरते आणि शेवटचा पट्टा आतल्या कठड्याकडे कललेला. १९८६ मध्ये डान्सिंग ब्रेव्ह तिथे फार मागून आला आणि शाहरस्तानीकडून अर्ध्या लांबीने हरला. दोष जॉकीवर आला. पण उतारावर घोड्याचा तोल न साधणं हाही त्या हरण्याचा भाग होता. त्याच वर्षी पॅरिसच्या लाँगशाँवर त्याने आर्क जिंकली.

अमेरिकेत सगळी मैदानं एकाच साच्याची, डाव्या हाताची आणि सपाट, अशी समजूत आहे. तिथेही परीघ वेगळे. बेलमाँट पार्कचा मातीचा ट्रॅक दीड मैलाचा, म्हणून बेलमाँट स्टेक्स म्हणजे नेमकी एक फेरी. १९७३ मध्ये सेक्रेटेरियटने ३१ लांबींनी जिंकली ती हीच. बेलमाँटची पुनर्बांधणी सुरू झाल्यावर २०२४ आणि २०२५ मध्ये ही शर्यत साराटोगाला गेली. तिथला ट्रॅक सव्वा मैलाहूनही लहान, नऊ फर्लांगांचा. दीड मैलाची सुरुवात सोयीच्या जागी बसेना, म्हणून अंतर सव्वा मैलावर आणलं. नाव तेच, करंडक तोच, पण तग बघणारी परीक्षा वेगळी झाली. या दोन वर्षांचे निकाल जुन्या बेलमाँटच्या रांगेत बसवताना हात आखडता घ्यावा.

ड्रॉबद्दल, म्हणजे सुटताना कोणतं फाटक मिळतं याबद्दल, सगळ्यांनाच मत असतं, म्हणून इथे थोडक्यात. इंग्लंडमधलं चेस्टर जेमतेम एका मैलाचं गोल मैदान. पाच फर्लांगांच्या शर्यतीत आतल्या फाटकांना तिथे उघड फायदा आहे आणि तो शंभर जणांनी शंभरदा मोजलेला आहे. अ‍ॅस्कॉटच्या सरळ मैलावर मात्र वीस-तीस घोडे दोन-तीन टोळ्यांत फुटतात आणि कोणती बाजू सरस हे बऱ्याचदा वेगवान घोडे कोणत्या बाजूला होते त्यावर ठरतं. त्याला ‘ड्रॉचा फायदा’ म्हणणं धाडसाचं. हाँगकाँगला गवत राखण्यासाठी कठडा आत-बाहेर सरकवतात आणि प्रत्येक मांडणीला ए, बी, सी अशी नावं आहेत. त्यामुळे ‘हॅपी व्हॅलीत आतला ड्रॉ चांगला’ या वाक्याला ‘कोणत्या मांडणीत?’ असा पुढचा प्रश्न लागतो. महालक्ष्मीवर आणि पुण्यात हेच काम फॉल्स रेल करते. तिची रुंदी किती मीटर आणि ती कुठपासून कुठपर्यंत, हे रेसच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं.

या सगळ्यावर मोठा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. एका दुपारी सात-आठ शर्यती होतात. त्यांतल्या पाच पुढे राहणाऱ्यांनी जिंकल्या की संध्याकाळी जो तो म्हणतो, ‘आज ट्रॅक पुढच्यांचा होता’. सातांत पाच हे निव्वळ योगायोगानेही घडतं. शिवाय त्या पाचांतले तीन कदाचित फेव्हरिटच असतात, जे कुठेही जिंकले असते. असल्या ‘बायस’च्या नोंदी वहीत ठेवून पुढच्या रेसला त्यावर पैसे लावणारे लोक बहुधा मागच्या योगायोगाची किंमत मोजत असतात. दुसरी गोष्ट अशी की खरा, टिकाऊ बायस फार काळ लपून राहत नाही. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने अफाट कमाई करणारे बिल बेंटर यांनी १९९४ मध्ये आपली रीत एका लेखात मांडली. त्यांच्या गणितात घोड्याबद्दलचे अनेक घटक होते, पण सर्वांत चांगलं उत्तर मिळालं ते स्वतःचा अंदाज आणि लोकांनी लावलेल्या पैशांतून दिसणारा भाव हे दोन्ही एकत्र केल्यावर. चेस्टरचा आतला ड्रॉ सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो भावात आधीच उतरलेला असतो. तो घोडा जिंकतो जास्त वेळा, पैसे मात्र त्या मानाने देत नाही.

मग उपयोग कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिली, मागच्या हरण्याचं कारण शोधताना. पुढे काय होईल हे सांगण्यापेक्षा मागे काय झालं हे समजावण्यात मैदानाचं ज्ञान अधिक विश्वासाचं. सहावा आलेला घोडा दोन्ही वळणांवर बाहेरून तिसऱ्या-चौथ्या रांगेत धावला असेल आणि फॉल्स रेल त्या दिवशी रुंद असेल, तर ‘सहावा’ हा शब्द अपुरा आहे. हँडिकॅपरने त्या निकालावरून रेटिंग उतरवलं, तर पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर योग्यतेपेक्षा कमी वजन असेल.

दुसरी, जिथे मैदान बदलतं त्या सांध्यावर. आपल्याकडे असा सांधा दरवर्षी येतो. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. पुण्याच्या मोसमात मऊ जमिनीवर दणदणीत जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग चढतं आणि तो वाढलेलं वजन घेऊन नोव्हेंबरनंतर महालक्ष्मीच्या घट्ट होत जाणाऱ्या गवतावर उतरतो. त्याच वेळी पुण्यात चिखलात पाय न टेकवणारा, सलग चार-पाच वेळा मागे पडून रेटिंग उतरलेला दुसरा घोडा त्याच्या शेजारच्या फाटकात उभा असतो, कमी वजनात. दोघांची रेटिंगं बरोबर आहेत, पण दुसऱ्या जमिनीसाठी. इथे लोकांचे पैसे अजून ताज्या विजयावर लागलेले असतात, कारण रेसबुकात पहिल्या रकान्यात तोच दिसतो. पेनिट्रोमीटरचा आकडा आणि फॉल्स रेलची रुंदी ही माहिती प्रत्येक रेसला फुकट मिळते. निकालाशेजारी त्या दोन आकड्यांचा एक रकाना जोडून निदान दोन मोसम वही ठेवली, तरच मुंबईतली एखादी हार जमिनीची होती की घोड्याची, हे काही विश्वासाने सांगता येतं. एका मोसमाच्या नोंदी त्याला पुरत नाहीत. पुण्यातला पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही.